नऊ महिन्यांचा कुत्रा पट्टा लावला की अजिबात ऐकत नाही, काय करावं?

राजगिरा
नमस्कार मंडळी. आमचा बंडू आता नऊ महिन्यांचा झाला. देशी आणि लॅब्रॅडॉरची सरमिसळ आहे, वजन २२ किलो. घरात अतिशय गुणी. बस म्हटलं की बसतो, कुणाच्या ताटात तोंड घालत नाही, रात्री स्वतःच्या गोधडीवर जाऊन झोपतो. पण पट्टा लावून खाली नेलं की हाच तो कुत्रा यावर विश्वास बसत नाही.

लिफ्टचं दार उघडलं की झेप. तिथून गेटपर्यंत नुसती ओढाओढ. रस्त्यावर आलो की पट्टा तोंडात धरून झटके देतो, सोडवायला गेलं की अजून चेव येतो. कधी कधी पट्टा सोडून माझ्या ओढणीवर, मग मनगटावर येतो. रक्त काढत नाही, पण काळंनिळं होतं. गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे, तिथे चार-पाच भटके कायम बसलेले. ते दिसले की हा दोन पायांवर उभा राहून भुंकतो. पाठीवर मोठी पिशवी घेतलेले डिलिव्हरीवाले दिसले तरी तेच.

मला सगळ्यात काळजी आईची आहे. सकाळी तीच त्याला नेते. वय ६३, गुडघे दुखरे. परवा पावसाने शेवाळलेल्या रॅम्पवर त्याने असा हिसका दिला की कठडा हाताशी होता म्हणून ती पडली नाही. सहा महिन्यांचा होईपर्यंत अगदी शेजारी शेजारी चालायचा, हे सगळं अलीकडचंच आहे. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, चौथा मजला. कृपया अनुभवी लोकांनी सांगा. त्याला सोडून द्यायचा वगैरे प्रश्नच नाही.

पारिजात_दादर
आमच्याकडे दहा महिन्यांची बीगल आहे, डिट्टो हेच. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर चढायचं असतं तिला. वाचतेय.

किनारा
राजगिरा, आधी आईंचं बघू, बाकी सगळं नंतर. बंडू सुधारेपर्यंत आईंनी त्याला एकटीने रस्त्यावर नेऊ नये. सकाळी शी-सूपुरतं कंपाउंडमध्ये, तेही कोरड्या बाजूने, आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. अंगठा फासात घालून पट्टा तळव्यावरून घ्यायचा आणि मूठ मिटायची, म्हणजे खरंच वेळ आली तर सोडता येतो. मनगटाला वेढे घातलेला पट्टा सुटत नाही आणि माणूस तोंडावर पडतो. मोठ्या फेरीची जबाबदारी तुमची किंवा बाबांची.

आता बंडूचं. पाच-सहा महिन्यांपर्यंत शहाण्यासारखं वागणारं पिल्लू आठव्या-नवव्या महिन्यात बिघडलं, ही तक्रार मी पार्ल्यात पिल्लं सांभाळते तेव्हापासून प्रत्येक घरातून ऐकते आहे. २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या शास्त्रीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. पाच महिन्यांची असताना जी कुत्री ऐकत होती, तीच आठ महिन्यांची झाल्यावर स्वतःच्या माणसाने ‘बस’ म्हटल्यावर कमी ऐकायला लागली. लक्षात घ्या, स्वतःच्या माणसाचं. अनोळखी माणसाचं ऐकणं कमी झालं नव्हतं. आणि वर्षाची होईपर्यंत गाडी बरीच रुळावर आली. म्हणजे बंडू तुम्हाला जुमानत नाही असा अर्थ काढून मन कडू करू नका. वयात येतोय तो.

पण वय सरेल आणि आपोआप नीट होईल म्हणून हातावर हात ठेवून बसायचंही नाही, कारण या काही महिन्यांत तो जे रोज करतो तेच पुढे अंगवळणी पडतं.

पट्टा चावणं हे रागाचं लक्षण नाही. तो अतिउत्तेजित झालेला असतो, पुढे जायचंय आणि जाता येत नाही, ती सगळी तगमग तोंडावाटे बाहेर येते. आपण पट्टा खेचला की त्याच्यासाठी रस्सीखेच सुरू झाली. म्हणून हात ढिला सोडा, पूर्ण थांबा, बोलू नका, डोळ्यात बघू नका. तोंडातून पट्टा सुटला की त्याच क्षणी खाऊचे चार-पाच बारीक तुकडे जमिनीवर विखुरून ‘शोध’ म्हणा. नाक खाली गेलं की कुत्रा शांत होतो, हे स्वतः बघाल. आणखी एक युक्ती: हार्नेसच्या (गळ्याऐवजी छाती-पाठीवरून घालायच्या पट्ट्याच्या) कडीला हातभर बारीक साखळी आणि तिला पुढे कापडी पट्टा जोडा. लोखंड चावायला मजा येत नाही, निम्मी सवय तिथेच मोडते. आणि हे प्रकरण फेरीच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर होतं ते बघा. खाली उतरल्या उतरल्या होत असेल तर जोश जास्त झालाय, परत येताना होत असेल तर पोरगं दमलंय, फेरी लांबली.

ओढण्यासाठी नियम एकच. पट्टा ढिला तर आपले पाय चालतात, पट्टा ताणला तर थांबतात. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. तुम्ही थांबता आणि बाबा ओढत ओढत नेऊ देतात असं झालं तर तो ओढतच राहील, कारण कधीतरी फळ मिळतंय. सुरुवात रस्त्यावर करू नका. आधी घरातल्या पॅसेजमध्ये, मग चौथ्या मजल्याच्या लँडिंगवर, मग पार्किंगमध्ये. डाव्या पायाच्या शिवणीला हात लावून तिथेच खाऊ द्यायचा. पुढे हात करून दिला तर कुत्रा पुढेच राहतो. लँडिंगवर दहा पावलं ढिल्या पट्ट्याने जमली नाहीत तर रस्त्यावर कुठून जमणार? आणि लिफ्टच्या बाबतीत, दार उघडलं आणि तो उठला की दार पुन्हा बंद होऊ द्यायचं. खाली बसून राहिला तरच बाहेर. वेळ हाताशी ठेवून निघावं लागेल, शेजाऱ्यांची ये-जा नसताना.

शिवडीकर
हे सगळं ऐकायला छान आहे, पण २२ किलोचा कुत्रा ६३ वर्षांच्या बाईला पाडतोय. अशा वेळी साखळीचा चोक कॉलर (ओढला की गळ्याभोवती आवळणारा) घालून दोनदा हिसका दिला की ओढणं बंद होतं. आमच्या वाडीत आल्सेशियन असायचे, सगळे याच पद्धतीने शिकले. कुत्र्याला धाक हवाच. खाऊ दाखवून किती दिवस फिरवणार?

स्टेथो
मी पशुवैद्य आहे, म्हणून या मुद्द्यावर बोलते. चोकचा हिसका श्वासनलिकेवर येतो. २००६ सालच्या एका अभ्यासात कुत्रा गळपट्ट्यावर ओढत असताना डोळ्यांतला दाब वाढल्याचं मोजलं गेलं, हार्नेसवर तसं झालं नाही. म्हणजे कुत्रा नुसता ओढत असला तरी गळ्यापेक्षा छातीवर भार आलेला बरा.

धाकाबद्दल. समोर भटका कुत्रा दिसला आणि त्याच क्षणी गळ्याला कळ आली, असं रोज होत गेलं तर कुत्रा शिकतो काय? ‘दुसरा कुत्रा दिसला की मला दुखतं.’ मग तो लांबूनच अंगावर जायला लागतो. किंवा भुंकणं-गुरगुरणं दाबलं जातं आणि एक दिवस तो न गुरगुरता चावतो. असे पेशंट आमच्याकडे येतात. गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद पाडू नका.

राजगिरा, वागणं अचानक बदललंय म्हणून एकदा तपासून घ्या. कानात संसर्ग, पंजात जखम, कंबरेचं दुखणं, पावसाळ्यात गोचिडांमुळे येणारा ताप, यातलं काहीही असलं तरी कुत्रा चिडका होतो. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, गर्दी असते पण अनुभवी हात आहेत. आणि लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस झाली आहे का? मुंबईत पावसात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून फिरणाऱ्या कुत्र्याला ती दरवर्षी हवी. नसबंदीबद्दल बरेच जण विचारतात, तेही सांगून टाकते: ती करण्याची चांगली कारणं आहेत, पण पट्टा ओढणं त्याने थांबत नाही. ते शिकवावंच लागतं.

हार्नेस असा घ्या की ज्याला छातीवर पुढे कडी आहे आणि खांदे मोकळे राहतात. पट्टा साधा, सहा फुटी. बटण दाबून डबीतून लांब होणारा पट्टा नको, त्यात कायम ताण असतो आणि कुत्र्याला ताण म्हणजेच चालणं वाटायला लागतं. शिवाय रिक्षांच्या गर्दीत तो वेळेवर आवरत नाही.

राजगिरा
सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेथो, शनिवारी तपासायला नेते. लेप्टोची लस झाली आहे.

किनारा, एक मोठी अडचण आहे. मी जे जे व्हिडिओ बघितले त्यात सगळे सांगतात की दुसऱ्या कुत्र्यापासून अंतर वाढवा. ते लोक हिरवळीवर उभे असतात. आमची गल्ली दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागते एवढी. एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, फुटपाथ खणून ठेवलेला. अंतर वाढवू कुठे?

किनारा
हाच मुंबईतला खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. कुत्र्याला बळाने आवरण्यात मी कधीच वेळ घालवत नाही, अंतर कुठून आणायचं यात घालवते. जागेत मिळत नसेल तर ते वेळेत शोधायचं आणि आडोशात शोधायचं.

वेळ आधी. दोन-तीन दिवस बंडूला न घेता, नुसते स्वतः गल्लीत फिरा. चिकनवाला शटर कधी उघडतो, कचऱ्याची गाडी कधी येते, शाळेच्या बसेस कधी, भटक्यांना खायला घालणारी मंडळी किती वाजता येतात, हे बघून ठेवा. दुकानाबाहेर बसलेले कुत्रे दुकान बंद असताना तिथे नसतात. पहाटे दूधवाल्यांच्या वेळेला किंवा रात्री उशिरा बहुतेक गल्ल्या तुमच्या एकट्याच्या असतात. मोठी फेरी त्या वेळात. दिवसातल्या बाकीच्या खेपा कंपाउंडपुरत्याच ठेवल्या तरी बंडूचं काही बिघडत नाही.

मग आडोसा. त्या पार्क केलेल्या गाड्या तुम्हाला अडचण वाटतात, पण त्याच तुमची भिंत आहेत. समोरून कुत्रा येताना दिसला की दोन गाड्यांच्या मधे शिरायचं, बंडूची पाठ रस्त्याकडे, तोंड तुमच्याकडे, आणि ‘शोध’. दिसलंच नाही तर भुंकायचं कशावर? कुणाच्याही सोसायटीचं गेट, जिना, बंद दुकानाची पायरी, सगळं चालतं. त्यासाठी ‘चल मागे’ हा शब्द आधी घरात पक्का करा. शब्द म्हटला की गर्रकन वळायचं आणि वळल्यावर सगळ्यात आवडता खाऊ. रोज पॅसेजमध्ये, खेळ म्हणून. संकटात पहिल्यांदाच वापरला तर त्याला कळणारही नाही.

आता शिकवणं. एखादा कुत्रा लांबवर, म्हणजे अगदी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिसेल अशी जागा निवडा. बंडूने बघितलं, अजून भुंकला नाही, त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. भटका दिसेनासा झाला की खाऊ बंद. हळूहळू असं होतं की भटका दिसला की बंडू स्वतःच वळून तुमच्या तोंडाकडे बघतो. पहिल्यांदा तो असा वळेल तेव्हा फार आनंद होईल तुम्हाला. आणि अंतर पुरेसं आहे की नाही हे कसं ओळखायचं? तो चिकन घेतोय का बघा. हातातलं चिकन नाकाला लावूनही घेत नसेल, किंवा घेताना बोटाला दात लागत असतील, तर जवळ आलात. मागे फिरा.

डिलिव्हरीवाल्यांसाठी घरातल्या घरात बाबांना हेल्मेट घालून, पाठीला मोठी सॅक लावून हॉलमध्ये फिरू दे आणि तुम्ही खाऊ द्या. बऱ्याच कुत्र्यांना माणसाचा तो आकारच ओळखीचा नसतो.

मधलीगल्ली
मी चिंचपोकळीला राहतो, आमच्या गल्लीतल्या भटक्यांना रोज खायला घालतो. त्यांच्या बाजूने थोडं सांगतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. तुम्ही त्यांच्या हद्दीतून पाळीव कुत्रा नेलात की ते भुंकत मागे येतात आणि हद्द संपली की थांबतात. एखादा विजेचा खांब, एखादी पानटपरी, अशी ती जागा नेमकी असते, दोन-चार दिवस बघितलंत की कळेल. म्हणून धावायचं नाही. धावलात की पाठलाग नक्की. बंडूला आपल्या पलीकडच्या अंगाला घ्या, मधे तुम्ही, पट्टा आखूड पण ताणलेला नाही, आणि शांतपणे हद्द ओलांडा. खायला घालतात त्या जागेवरून त्या वेळेला कधीही जाऊ नका, तेव्हा सगळे जास्त आक्रमक असतात.

कानाचं टोक कापलेलं असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते. आणि तुमच्या गल्लीत खायला घालणारा जो कोणी असेल त्याच्याशी ओळख करा. कुठला कुत्रा पाळीव कुत्र्याला खपवून घेतो आणि कुठला नाही हे त्याला पाठ असतं. माझ्याकडे अशा दोन-तीन घरांतली मंडळी विचारायला येतात, मी त्यांना सोबत घेऊन फिरतो.

चुकून चावाचावी झालीच तर मधे हात घालू नका. आणि तुम्हाला दात लागला, मग तो लस दिलेल्या बंडूचा असो वा भटक्याचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात जा. हळद-चुना काही लावत बसू नका.

पारिजात_दादर
मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला मोकळे रस्ते आहेत ना? पहाटे तिकडे नेता येईल.

मधलीगल्ली
पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर तिकडे अजिबात नको. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये बिबट्या येतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे. आरेलाही तेच. उजेडात, चार माणसं असताना जा.

किनारा
आणि कार्टर रोडचं डॉग पार्क चांगलं आहे, पण सध्या बंडूला तिथे नेऊ नका. दहा मोकळ्या कुत्र्यांत सोडलं की सवय होईल, असं बरेच जण सांगतील. घाबरून भुंकणारा कुत्रा त्याने अजून बिथरतो.

सातवामजला
आमच्या सोसायटीत कमिटीने ‘कुत्र्यांना लिफ्टबंदी’ अशी नोटीस लावली होती, म्हणून लिहितो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तोंडाला मुसकी बांधाच अशी सक्तीही करता येत नाही. त्याच सूचनांत मालकाने कुत्रा पट्ट्यात ठेवावा, घाण होऊ देऊ नये हेही आहे. आम्ही प्रिंट काढून सेक्रेटरींना दिली, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र सोबत जोडलं, आणि शी उचलायला कागद-पिशवी घेऊनच उतरायला लागलो. नोटीस निघाली. बंडू सध्या भुंकतोय तर कागदपत्रं तयार ठेवा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवा की शिकवणं चालू आहे. माणसं समजून घेतात.

शिवडीकर
माझा मुद्दा आईंच्या सुरक्षिततेचा होता आणि तो अजूनही आहे. पण स्टेथोंनी डोळ्यांचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. माझ्या बहिणीकडे सात वर्षांचा डॉबरमन आहे, आयुष्यभर चोकवर फिरलेला. एवढ्या वयात हार्नेसवर शिकेल का?

स्टेथो
शिकेल, वेळ जास्त लागेल. सुरुवातीला हार्नेसची पाठीवरची कडी आणि साधा गळपट्टा या दोन्हींना पट्टा जोडा, म्हणजे निसटायची भीती नाही. डॉबरमन आहे आणि वय सात, तर एकदा हृदयाची तपासणीही करून घ्यायला सांगा, या जातीत हृदयाचा आजार जास्त दिसतो.

राजगिरा
थोडी खबर. डाव्या कानात संसर्ग निघाला, औषध चालू आहे. साखळीची युक्ती कमालीची लागू पडली, पट्टा चावणं जवळपास थांबलंय. लँडिंगवर अगदी छान चालतो. पार्किंगमध्येही बरा. रस्त्यावर ओढणं अजून आहे आणि चिकनच्या दुकानाजवळ अजूनही वेड्यासारखा भुंकतो, पण आम्ही पहाटे निघतो त्यामुळे रोज तिथे जावं लागत नाही. आईने कंपाउंडची जबाबदारी घेतली आहे, ती त्याच्याकडून ‘शोध’ माझ्यापेक्षा छान करून घेते.

पाऊस धो धो असतो तेव्हा काय करायचं? आणि गणपतीत आमच्या गल्लीतून मिरवणुका जातात, ढोल-ताशा, फटाके. आत्तापासून काही करता येईल का?

किनारा
पावसात फेरी चुकली तर चुकू दे. जेवण वाडग्यात देऊ नका. जुन्या टॉवेलमध्ये दाणे पसरून गुंडाळी करा, घरभर लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे घालून त्यात टाका. पाव तास नाकाने काम केलं की गाढ झोपतो. जिन्यावरून वर-खाली पळवू नका, या वयात सांधे अजून पक्के झालेले नसतात. पाऊस थांबला की नुसतं वास घेऊ देण्यासाठी न्या. अंतर कापायचं नाही, एकाच झाडापाशी तो म्हणेल तितका वेळ उभं राहायचं. बाहेरून आल्यावर पंजे धुवून बोटांच्या मधे कोरडे करायचे.

गणपतीसाठी आत्तापासून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून जेवायला द्या. कान टवकारून पुन्हा खायला लागला तर ठीक, खाणं थांबलं तर आवाज कमी. आवाज रोज वाढवलाच पाहिजे असं नाही. मिरवणुकीच्या दिवशी दुपारीच फिरवून आणा, संध्याकाळी रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवून कुणीतरी त्याच्याजवळ बसा. जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं नाही, खुशाल घ्या. त्या दिवसांत खाली नेताना दोन ठिकाणी पट्टा जोडलेला हवा, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर. घाबरलेला कुत्रा हार्नेसमधून मागच्या मागे निसटतो आणि मग दोन-दोन स्टेशनं पलीकडे सापडतो.

स्टेथो
फारच घाबरत असेल तर औषध आहे, पण ते आदल्या दिवशी मागायला येऊ नका. आधी एकदा देऊन परिणाम बघावा लागतो. आणि केमिस्टकडून परस्पर काही आणू नका. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा हलत नाही, भीती तशीच राहते.

राजगिरा
समजलं, डॉक्टरांशी आधीच बोलते. शेवटचा एक प्रश्न आईकडून. श्रावण लागला की आमच्याकडे घरात चिकन शिजत नाही. तेव्हा खाऊ म्हणून काय वापरायचं?

किनारा
पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, बहुतेक कुत्री त्यावर जीव टाकतात. उकडलेलं रताळं, गाजर, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणेही चालतात. पोळीचे तुकडे घरातल्या सरावाला, रस्त्यावरच्या भटक्यांसमोर फक्त पनीर. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतला झायलिटॉल अजिबात नको. जेवढा खाऊ फेरीत जातो तेवढं रात्रीच्या जेवणातून वजा करा, नाहीतर वजन वाढेल. आणि प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, तेवढं श्रावणात आईंना सांगून ठेवा.